भूल आणि कौल

आमचे मामा तुळजापूरचे. आयुष्यभर त्यांनीं शाळेंत गणित शिकविलें आणि आयुष्यभर दर मंगळवारीं देवीचें दर्शनहि चुकविलें नाहीं. या दोन गोष्टींत कांहीं विसंगति आहे असें त्यांना कधीं वाटलें नाहीं, व आम्हांलाहि त्यांनीं तसें वाटूं दिलें नाहीं. गेल्या वर्षीं त्यांच्या हृदयाच्या तीन रोहिण्या अरुंद झाल्याचें आढळून आलें आणि सोलापुरास जाऊन ‘बायपास’ची शस्त्रक्रिया करून घ्यावी असें ठरलें. निघण्याच्या दिवशीं पहांटे ते देवळांत गेले. देवळाच्या आवारांत चिंतामणि नांवाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनांत प्रश्न धरावयाचा. दगड उजवीकडे वळला तर कार्य होईल, डावीकडे वळला तर होणार नाहीं, जागचा हलला नाहीं तर विलंब लागेल, असा भाविकांचा समज आहे. शिवाजीमहाराजहि स्वारीवर निघण्यापूर्वीं येथें कौल घेत असत, असें परंपरेनें सांगतात. मामांनीं दगडावर हात ठेवले. दगड कोणत्या बाजूस वळला हें त्यांनीं कोणास सांगितलें नाहीं, आणि मामींनींहि विचारलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं, शस्त्रक्रियेच्या आधीं, भूल देणारे डॉक्टर मामांना पाहावयास आले. तपासणी आटोपल्यावर मामांनीं विचारलें, “डॉक्टरसाहेब, भुलीचीं औषधें पुष्कळ आहेत असें ऐकतों. हृदयाला सर्वांत चांगलें असेल तेंच आपण देणार ना?”

डॉक्टर तरुण होते, पण घाईंत नव्हते. ते म्हणाले, “मास्तर, खरें सांगूं का? श्वासावाटें द्यायचीं दोन-तीन औषधें आहेत, शिरेंतून द्यायचें एक आहे. हृदयाच्या रोग्याला त्यांत अमुकच उजवें, असें कांहीं ठरलेलें नाहीं. ज्याचा माझ्या हाताला सराव आहे तें मी देईन.”

“मग तें ठरविण्याचा प्रयत्न कोणी केला नाहीं?”

“केला ना. हजारों रोग्यांवर केला. कोणाला कोणतें द्यायचें तें चिठ्ठी टाकून ठरवलें आणि पुढें काय होतें तें पाहिलें.”

डॉक्टर गेल्यावर आमचे मामेभाऊ फार संतापले. “यांनाच ठाऊक नाहीं, तर आपण येथें कशाला राहायचें? आणि चिठ्ठी टाकून! माणसाचा जीव म्हणजे काय भिशीचा नंबर आहे?” मामी कांहींच बोलल्या नाहींत, पण त्यांच्या मुद्रेवरून त्यांनाहि तेंच वाटत होतें हें दिसत होतें. मामा मात्र हंसून म्हणाले, “अरे, कालच मीहि तेंच करून आलों कीं!”

मामांच्या या वाक्यानें त्या वेळीं विषय मिटला. माझ्या मनांतून तो अद्याप गेलेला नाहीं. त्यांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. ज्याच्या हातीं आपण आपली शुद्ध सोंपवून देतों, त्यानें “मला ठाऊक नाहीं” असें म्हणणें हा त्याचा दोष कीं गुण? आणि न ठाऊक असलेली गोष्ट शोधून काढण्यासाठीं जिवंत माणसाला कोणतें औषध द्यावयाचें तें चिठ्ठीवर सोडणें धर्म्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिति काय आहे ती पाहूं. हृदय सर्व शरीराला रक्त पुरवितें, परंतु त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त पोंचविणाऱ्या रोहिण्या निराळ्या असतात. त्यांत मेदाचे थर सांचून वाट अडली म्हणजे पायांतील एखादी शीर अथवा छातीच्या आंतील एखादी रोहिणी घेऊन अडलेल्या जागेस वळसा घालणारी नवी वाट करून देतात. हीच बायपास. अर्जेंटिनाचे शस्त्रवैद्य रेने फावालोरो यांनीं १९६७ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें ती केल्यापासून ती जगभर रूढ झाली. शस्त्रक्रिया चालू असतांना बहुधा कांहीं काळ हृदय थांबवून त्याचें काम यंत्राकडून करवून घेतात. आतां अडचण अशी कीं, श्वासावाटें दिलेली जी वाफ मेंदूला निजविते, तीच हृदयाचा जोरहि थोडाबहुत शिथिल करते व रक्ताचा दाब उतरविते. निरोगी माणसाला हें सहज सोसतें. ज्याचें हृदयच आजारी आहे त्याच्या बाबतींत मात्र कोणती वाफ हृदयाशीं अधिक सौम्यपणें वागते, हा प्रश्न जिव्हाळ्याचा होऊन बसतो.

हा प्रश्न आजचा नाहीं. १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें मॉर्टननें ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखविली आणि पुढल्याच वर्षीं एडिंबरो येथें सिम्सननें क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. क्लोरोफॉर्म द्यावयास सोपें, वासाला गोड आणि गुण लवकर दाखविणारें. परंतु १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांतील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म दिलें असतां पाहतां पाहतां गतप्राण झाली. तेव्हांपासून वैद्यांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, क्लोरोफॉर्म प्रथम हृदयाला मारतें, यासाठीं नाडीवर बोट ठेवा. दुसरा म्हणे, तें प्रथम श्वास बंद पाडतें, यासाठीं श्वासाकडे लक्ष द्या, नाडीची चिंता करूं नका.

या वादाचा निकाल लावण्याचा मोठा प्रयत्न जेथें झाला तें ठिकाण लंडन नव्हे व पॅरिसहि नव्हे. तें आमच्या मामांच्या पूर्वजांच्या राजाची राजधानी, हैदराबाद. १९४८ सालापर्यंत तुळजापूर निजामाच्या राज्यांत होतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या राज्याच्या राजधानींत एडवर्ड लॉरी नांवाचे इंग्रज शस्त्रवैद्य रेसिडेन्सी सर्जन होते. ते एडिंबरोच्या परंपरेंतले व श्वासाच्या पक्षाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या खटपटीनें निजाम मीर महबूब अली खान यांनीं १८८८ सालीं क्लोरोफॉर्म समिति नेमिली. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि समितीनें श्वासाच्या बाजूनें निकाल दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रास तो पटेना. तेव्हां निजामांनीं एक हजार पौंड देऊं केले आणि ‘लॅन्सेट’नें आपल्या वतीनें लॉडर ब्रंटन यांस १८८९ सालीं हैदराबादेस पाठविलें. हृच्छूलावर अमिल नायट्राइटचा उपाय १८६७ सालीं प्रसिद्ध करणारे ते हेच ब्रंटन. येण्यापूर्वीं त्यांचा कल हृदयाच्या पक्षाकडे होता. शेंकडों जनावरांवर पुन्हां प्रयोग झाले, ब्रंटन यांचें मत पालटलें, आणि क्लोरोफॉर्मनें हृदयाला सरळ धोका नाहीं, श्वास सांभाळला म्हणजे झालें, असें जगास कळविण्यांत आलें. लॉरींच्या हाताखालीं हैदराबादच्या वैद्यक शाळेंत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाईंचा या कार्यांत भाग होता. भूल देण्याचें शास्त्र व्यवसाय म्हणून पत्करणाऱ्या जगांतील अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. आपल्याकडील एका संस्थानानें जगांतील वैद्यांस बोलावून एक वैद्यकीय वाद सोडवावा, ही गोष्ट आजहि अभिमानाची वाटते.

परंतु तो निकाल चुकीचा होता. १९११ सालीं गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतांनाच, विशेषतः भयानें किंवा दुखण्यानें शरीरांत जो रस उसळतो त्या ॲड्रिनलीनच्या जोडीनें, हृदयाचे तंतु एकाएकीं विस्कळित थरथरूं लागतात व हृदय जागच्या जागीं बंद पडतें. हैदराबादेस प्रयोगांचा मुख्य रोख जनावरांना गाढ भूल देऊन मरणाचा क्रम पाहण्याकडे होता. त्या क्रमांत श्वास आधीं थांबतो हें त्यांना दिसलें, आणि तें खरेंच होतें. पण हलक्या भुलींत अवचित येणारें मरण त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यांतच आलें नाहीं.

येथें लॉरींची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. ते आळशी नव्हते, निर्दय नव्हते, अप्रामाणिक तर नव्हतेच. स्वतः हजारों रोग्यांना भूल देण्याची व्यवस्था त्यांनीं पाहिली होती आणि आपल्या पद्धतीनें कोणी दगावत नाहीं असें त्यांस मनापासून वाटे. तेंच तर विचार करण्यासारखें आहे. आपल्या भाषेंत ‘भूल’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात. शस्त्रवैद्य रोग्यास देतो ती गुंगी ही भूल. माणसाच्या हातून होते ती चूक हीहि भूल. आणि एखाद्या गोष्टीची मनावर पडते ती मोहिनी, तीहि भूलच. हैदराबादेस या तिन्ही भुली एकत्र आल्या. जनावरांना भूल दिली, निकालांत भूल झाली, आणि तिचें कारण हें कीं, मनावर आपल्या अनुभवाची भूल पडली होती. अनुभव हा गुरु खरा, परंतु तो आपल्या मर्जींतला गुरु असतो. आपल्याला ऐकावयास आवडेल तेंच तो पुष्कळदां शिकवितो.

आतां शंभर वर्षें पुढें येऊं. क्लोरोफॉर्म व ईथर मागें पडलीं. १९५६ पासून हॅलोथेन वापरांत आलें, त्यामागून एन्फ्लुरेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन व डेस्फ्लुरेन आलीं. बायपासच्या रोग्यांत यांपैकीं कोणतें द्यावें हा वाद पुन्हां पेटला. १९८३ च्या सुमारास असें भय उत्पन्न झालें कीं, आयसोफ्लुरेन हृदयांतील बारीक रोहिण्या इतक्या सैल करतें कीं, रक्त निरोगी भागाकडे धांवतें व अडलेल्या भागाचें तोंडचें पाणी पळतें. म्हणजे एका शेताचा पाट मोकळा केला आणि शेजारचें शेत वाळलें, असा हा प्रकार. तर्क मोठा सुबक होता. लॉरींच्या काळीं अशा वेळीं समिति नेमली गेली असती आणि वक्तृत्व ज्याचें अधिक त्याचा जय झाला असता. १९८९ सालीं, म्हणजे हैदराबादच्या दुसऱ्या समितीनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, टेक्सासमधील ह्यूस्टन येथें स्लोगॉफ व कीट्स या दोघां वैद्यांनीं निराळा मार्ग प्रसिद्ध केला. त्यांनीं बायपासचे १०१२ रोगी घेतले आणि एन्फ्लुरेन, हॅलोथेन, आयसोफ्लुरेन व शिरेंतून द्यावयाचें सुफेंटानिल या चारांपैकीं कोणास कोणतें द्यावयाचें हें नशिबावर सोंपविलें. अखेर हृदयाला इजा पोंचण्यांत अगर मृत्यूंत औषधामुळें असा कांहींच फरक आढळला नाहीं. पाटाच्या पाण्याचा तर्क कागदावर जितका भयंकर वाटला तितका रोग्यांत ठरला नाहीं.

चिठ्ठीच कां, असें कोणी विचारील. वैद्यानें आपल्या बुद्धीनें कांहींना हें, कांहींना तें औषध देऊन तुलना केली तर चालणार नाहीं काय? चालणार नाहीं; आणि याचें कारण औषधांत नसून वैद्याच्या मनांत आहे. ज्या औषधावर त्याचा विश्वास आहे तें तो नकळत धडधाकट रोग्यास देईल, अगर अत्यवस्थ रोग्यासाठीं राखून ठेवील. दोन्ही प्रकारीं तुलना नासेल. चिठ्ठीला आवडनिवड नाहीं, आणि म्हणूनच ती येथें विश्वासू. १९४८ सालीं इंग्लंडांत ब्रॅडफर्ड हिल यांच्या मार्गदर्शनानें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा या पद्धतीनें प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून वैद्यकांत हा मार्ग राजमार्ग झाला.

परंतु राजमार्ग झाला म्हणून तो धर्ममार्ग झाला असें नव्हे. या पद्धतीवर आक्षेप आहेत, व ते हलके नाहींत.

पहिला आक्षेप असा. वैद्याचें कर्तव्य समोरच्या रोग्याशीं आहे, उद्यांच्या अज्ञात रोग्यांशीं नाहीं. समोरच्यासाठीं जें उत्तम वाटतें तें न देतां चिठ्ठीकडे बोट दाखविणें म्हणजे कर्तव्याची चुकवाचुकव होय. याचें उत्तर ‘वाटतें’ या शब्दांत आहे. एक औषध दुसऱ्याहून सरस आहे असें मानण्यास खरा आधार असेल, तर चिठ्ठी टाकणें पाप आहे. त्यांत दुमत नाहीं. परंतु जाणत्यांतच मतभेद असतांना वैद्याचें ‘वाटणें’ म्हणजे पुष्कळदां त्याची संवय, त्याच्या गुरूचें मत, नाहीं तर गेल्या महिन्यांत दगावलेल्या एखाद्या रोग्याची आठवण. खरें पाहतां चिठ्ठी अशीहि पडतच असते. त्या दिवशीं पाळी कोणाची, भांडारांत शिल्लक काय, यावरून रोग्याचें औषध ठरतें. मात्र ही चिठ्ठी कोणी टाकली हें कोणास दिसत नाहीं व तिच्यापासून कोणी शिकतहि नाहीं. दिसणारी चिठ्ठी न दिसणारीहून अधिक प्रामाणिक आहे, एवढेंच माझें म्हणणें.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा. माणूस हा स्वतःच साध्य आहे, त्याला कोणाचें साधन करूं नये, असें कांटनें बजावून ठेविलें आहे. उद्यांच्या रोग्यांच्या हितासाठीं आजच्या रोग्याला उपयोगास लावणें हें साधन करणेंच नव्हे काय? होय, त्याला न विचारतां केलें तर तसेंच आहे. १९४८ च्या त्या प्रसिद्ध परीक्षेंत रोग्यांना आपण परीक्षेंत आहों हें सांगितलेलें नव्हतें. तिच्या यशाकडे पाहून हा डाग झांकूं नये. त्याच्या आदल्याच वर्षीं न्यूरेंबर्गच्या न्यायसभेनें छळछावण्यांतील प्रयोगांचा निवाडा करतांना, माणसाची स्वतःची संमति ही अशा कार्याची पहिली अट म्हणून सांगितली होती. आपल्याकडेहि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांत तीच अट आहे. जो समजून उमजून “मला यांत घ्या” म्हणतो, तो साधन राहात नाहीं, सहकारी होतो. अनोळखी माणसासाठीं विहीर खणणारा जसा त्या माणसाचें साधन नसतो, तसाच हा.

तिसरा आक्षेप मात्र मला स्वस्थ बसूं देत नाहीं. उद्यां ज्याची छाती उघडावयाची आहे तो आज खरोखर मोकळ्या मनानें संमति देऊं शकतो काय? त्या सायंकाळीं मामांच्या हातीं जे कागद आले त्यांवर सही करतांना, फळ्यावर आयुष्यभर सरळ रेषा काढणारा त्यांचा हात थरथरत होता. ज्याच्या हातांत आपला जीव आहे त्याला नाहीं म्हणण्याचें धैर्य कितीजणांना होईल? या आक्षेपाला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. विचारणा आदल्या रात्रीं न करतां पुष्कळ आधीं व्हावी, ती रोग्याच्या भाषेंत व्हावी, सुरी धरणाऱ्यानें न करतां दुसऱ्या कोणीं करावी, आणि नकार दिल्यास उपचारांत केसभरहि उणें पडणार नाहीं अशी खात्री नुसती शब्दानें नव्हे तर वागणुकीनें द्यावी, एवढें म्हणतां येईल. एवढें केल्यावरहि भयाचा अंश उरतोच. परंतु शोधच न करावा, हा पर्याय तरी निर्दोष आहे काय? त्यांत रोग्याला न तपासलेलें औषध मिळतें, आणि त्याला कोणी कांहीं विचारीतहि नाहीं.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा. इतकें करून निघालें काय? १९८६ सालीं कुत्र्यांवरील प्रयोगांत असें दिसून आलें होतें कीं, हृदयाचा रक्तपुरवठा प्रथम थोडा थोडा वेळ अडवून मोकळा केला तर पुढील मोठा अडथळा हृदय अधिक सोसतें. पुढें असें आढळलें कीं, श्वासावाटें दिलेल्या या नव्या वाफाहि हृदयाला तसाच कणखरपणा आणतात. लहान लहान परीक्षांत आशादायक निकाल आले. हृदयाला निजवितां निजवितां राखणारें औषध सांपडलें, असें वैद्यांस वाटूं लागलें. तेव्हां १३ देशांतील ३६ रुग्णालयांत बायपासच्या ५४०० रोग्यांवर चिठ्ठीची परीक्षा झाली. निम्म्यांस वाफेची भूल, निम्म्यांस केवळ शिरेंतली. २०१९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर मृत्यूचें प्रमाण वाफेच्या बाजूस शेंकडा २.८ आणि शिरेच्या बाजूस शेंकडा ३. हा फरक योगायोगाहून अधिक मानण्यास जागा नाहीं. डोंगर पोखरून उंदीर काढला, असें व्यवहारी माणूस म्हणेल.

मला तसें वाटत नाहीं. ‘फरक नाहीं’ हें अज्ञान नव्हे, तें कष्टानें मिळविलेलें ज्ञान आहे. “कोणतें चांगलें हें मीं पाहिलेलें नाहीं” आणि “पाहिलें, दोन्हीं सारखींच निघालीं” या दोन वाक्यांत लॉरींपासून आजवरचें अंतर आहे. दोन्हीं सारखीं आहेत हें कळल्यामुळें लहान गांवच्या डॉक्टरास महागड्या औषधावांचून आपण रोग्याचा घात करीत आहों ही टोंचणी राहात नाहीं. डेस्फ्लुरेनची वाफ रोग्याच्या श्वासांतून बाहेर पडून वातावरण फार तापविते, म्हणून युरोपीय संघानें २०२६ पासून तिचा नित्याचा वापर बंद केला आहे. तिच्यावांचून रोग्याचें कांहीं अडत नाहीं हें ठाऊक असणें, हाहि अशा निर्णयाचा आधारच आहे. आणि सोलापूरच्या त्या तरुण डॉक्टरांनीं मामांना जें सरळ उत्तर दिलें, तें देण्याचा अधिकार त्यांना त्या ५४०० अनोळखी माणसांनीं मिळवून दिला होता.

आतां मामांच्या विनोदाकडे वळूं. दगडाचा कौल आणि परीक्षेची चिठ्ठी एकच काय? वरवर दोन्हींत माणूस आपली निवड आपल्या हातची नाहीं असें मान्य करतो. पण भेद मोठा आहे. चिंतामणीस आपण विचारतों, “माझें काय होईल?” चिठ्ठी या प्रश्नाचें उत्तर मुळींच देत नाहीं. ती ज्याच्या नांवानें पडते त्याला तिच्यापासून कांहीं लाभ होईलच असें नाहीं. तिचें उत्तर पुढें येणाऱ्या दुसऱ्या कोणास मिळतें. कौल मागणें आहे, चिठ्ठी देणें आहे. म्हणून परीक्षेंत उतरणाऱ्या रोग्याला मी दाता समजतों. दान मात्र दात्याच्या खुषीचें असावें लागतें. हिसकावून घेतलेल्या दानाला लूट म्हणतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच ह्यूस्टनच्या दोघां वैद्यांनीं १९८५ सालीं बायपासच्या हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांत भूल देणाऱ्या डॉक्टरांचा उल्लेख नांवानें न करतां क्रमांकानें केला होता. सातव्या क्रमांकाच्या डॉक्टरांच्या रोग्यांत हृदयाचे ठोके अधिक वेळां वाढलेले दिसले, आणि हृदयाची उपासमारहि अधिक आढळली. औषधा-औषधांत जो फरक सांपडला नाहीं, तो माणसा-माणसांत सांपडला! मामेभावांचा प्रश्न “औषध कोणतें?” हा होता. त्यांनीं “हात कोणाचा, आणि तो हात जागा आहे काय?” असें विचारावयास हवें होतें.

तुळजाभवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीन वेळां तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवितात. नवरात्रापूर्वींची ती घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषांत शाकंभरी नवरात्रापूर्वींची मोहनिद्रा. लहानपणीं मीं मामांना विचारलें होतें, देवी निजली तर आपल्याला कोण पाहतें? ते म्हणाले होते, “तेव्हां आपण तिला पाहायचें.” निजणाऱ्याचा सर्व भरंवसा जागणाऱ्यावर असतो. आणि वैद्यानें जागें राहणें म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणें नव्हे. आपल्याला जें ठाऊक नाहीं तें ठाऊक नाहीं असें ओळखणें, तें रोग्यास सांगणें, आणि शोधाचें उत्तर आपल्या मताविरुद्ध आलें तरी तें स्वीकारणें, हें खरें जागरण. लॉरी रात्रंदिवस खपले, तरी या एका अर्थानें ते निजले होते. भूल रोग्याला द्यावी. वैद्यानें ती घेऊं नये.

मामा बरे झाले. यावरून त्या औषधाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं, हें त्यांनींच मामेभावांना समजावून सांगितलें. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हें त्यांनीं जन्मभर मुलांना शिकविलें होतें. कोजागिरीनंतर मी तुळजापुरास गेलों असतां मीं त्यांना धीर करून विचारलें कीं, त्या पहांटे दगड कोणत्या बाजूस वळला होता.

“वळलाच नाहीं,” मामा म्हणाले. “आई ‘पाहूं’ म्हणाली असें मी समजलों. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरहि तेंच म्हणाले, तेव्हां मला भय वाटलें नाहीं.”